विशेषणाआड दडलेला कर्ता

इंग्रजी व्याकरणाचा आणि बाईच्या पोटगीचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. संबंध आहे, आणि तो आपल्या रोजच्या कामातला आहे, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी ज्या समुपदेशन केंद्रांत काम करतात त्यांना माहीत आहे, की आपला निम्मा वेळ लिहिण्यात जातो. बाई येते, बोलते, रडते, थांबते, पुन्हा बोलते. आपण ते मराठीत टिपून घेतो. मग त्या पाच पानांचं इंग्रजीत पाच ओळींचं टिपण होतं, कारण अनुदान देणाऱ्या संस्थेला अहवाल इंग्रजीत हवा असतो आणि वरच्या कोर्टात प्रकरण गेलं तर वकिलांनाही इंग्रजीच लागतं. वर्षाच्या शेवटी त्या पाच ओळींचा तक्त्यातला एक आकडा होतो. या प्रवासात बाईची हकिगत आक्रसत जाते आणि शेवटी तिच्या नावापुढे एक विशेषण उरतं : ‘बॅटर्ड’, ‘डेझर्टेड’, ‘सेपरेटेड’, ‘वल्नरेबल’. माझं म्हणणं असं, की ही विशेषणं बनतात कशी हे आपण नीट समजून घ्यायला हवं. कारण ती बनताना हकिगतीतून काहीतरी गळून पडतं, आणि गळून पडणारा बहुतेक वेळा मारणारा, टाकणारा, घराबाहेर काढणारा असतो.

मी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन या कामात आले त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. गेली दोन वर्षं मी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवते. त्यातल्या बऱ्याच जणी तालुक्याच्या ठिकाणी मराठी शाळेत शिकलेल्या. पुस्तकात ‘नामापासून आणि क्रियापदापासून विशेषणं’ असा एक धडा असतो. डावीकडे ‘डेंजर’, उजवीकडे ‘डेंजरस’. डावीकडे ‘केअर’, उजवीकडे ‘केअरफुल’ आणि ‘केअरलेस’. डावीकडे ‘ब्रेक’, उजवीकडे ‘ब्रोकन’. मुली यादी पाठ करतात. यादी पाठ करावीच; पण डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात जाताना शब्दाचं काय होतं, हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते आपण आपल्या कामाच्या अंगाने पाहू.

क्रियापदापासून विशेषण करण्याचे इंग्रजीत दोन मोठे दरवाजे आहेत. एक ‘इंग’ प्रत्ययाचा, दुसरा ‘एड’ प्रत्ययाचा. मुली सुरुवातीला हमखास एक चूक करतात. कंटाळा आला की म्हणतात, “आय अ‍ॅम बोअरिंग.” मग मी विचारते, तू कंटाळलीस की तू दुसऱ्यांना कंटाळा आणतेस? सगळ्या हसतात, पण नियम कायमचा लक्षात राहतो. ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळा आणणारी, ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळा जिच्या वाट्याला आला ती. म्हणजे ‘इंग’चं विशेषण करणाऱ्याला लागतं आणि ‘एड’चं विशेषण ज्याच्यावर ती क्रिया झाली त्याला लागतं.

आता हाच नियम ‘बॅटर’, म्हणजे पुन्हा पुन्हा ठोकून काढणे, या क्रियापदाला लावून पाहा. दोन विशेषणं तयार होतात : ‘बॅटरिंग हजबंड’ आणि ‘बॅटर्ड वाइफ’. व्याकरणाने दोन्ही सारखीच शुद्ध. पण अहवालात, वर्तमानपत्रात, दवाखान्यात आपल्या कानावर येतं ते दुसरंच. ‘डेझर्ट’चंही तसंच. घटस्फोटाच्या निकालपत्रांमधून ‘डेझर्टिंग स्पाउज’, म्हणजे सोडून जाणारा जोडीदार, हा शब्दप्रयोग न्यायाधीश सर्रास करतात. म्हणजे भाषेत शब्द नाही अशी सबब नाही. दरवाजा उघडा आहे. आपल्या तक्त्यांमध्ये मात्र ‘डेझर्टेड वुमन’साठी रकाना असतो आणि ‘डेझर्टिंग हजबंड’साठी नसतो. मग एका जिल्ह्यात टाकलेल्या बायका किती हे आपण सांगू शकतो. टाकणारे किती, त्यातले नोकरीवाले किती, दुसरं लग्न केलेले किती, हे सांगता येत नाही. जे मोजलंच नाही त्यावर मागणी कशी उभी करणार?

मराठीत आणि इंग्रजीत इथे एक महत्त्वाचा फरक आहे. मराठीत ‘नवऱ्याने टाकलेली बाई’ असं आपण सहज म्हणतो. ‘टाकलेली’ हे धातुसाधित विशेषण आहे आणि त्याच्या आधी ‘नवऱ्याने’ आरामात बसतो. इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी ठेवलं की ‘बाय हर हजबंड’ला तिथे जागाच उरत नाही. ते नामाच्या मागून जोडावं लागतं : ‘अ वुमन डेझर्टेड बाय हर हजबंड’. तीन शब्द वाढतात. तक्त्यात जागा नसते, अहवालाची शब्दमर्यादा असते, मग पहिल्यांदा कात्री लागते ती त्याच तीन शब्दांना. कर्ता गेला, बाई उरली, आणि तिच्या कपाळावर तिचं विशेषण उरलं.

इंग्रजीला कर्ता नामाच्या आधी बसवता येतच नाही असंही नाही. जोडशब्दाची सोय आहे. ‘गव्हर्नमेंट-फंडेड’, ‘डोनर-फंडेड’, ‘स्टेट-ओन्ड’. ज्याला श्रेय हवं असतं तो कर्ता विशेषणाच्या पुढे ऐटीत बसतो, प्रकल्पाच्या पाटीवरसुद्धा झळकतो. ‘हजबंड-बॅटर्ड’ मात्र कोणी लिहीत नाही.

याचा अर्थ ‘बॅटर्ड’ हा शब्द फेकून द्यावा, असं मी म्हणत नाही. त्याचा इतिहास पाहिला तर त्याने मोठं काम केलेलं दिसतं. १९६२ साली अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी घरच्याच माणसांकडून मार खाणाऱ्या मुलांबद्दल एक लेख लिहिला आणि ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. मुलं पडून-झडून जखमी होत नाहीत, त्यांना कोणीतरी मारतं, हे त्या एका शब्दाने डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आणलं. पुढे १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या बायकांसाठी आश्रयघर सुरू झालं आणि तोच शब्द बायकांसाठी रुळला. घराच्या चार भिंतींतली गोष्ट चव्हाट्यावर आली ती या शब्दाच्या जोरावर. १९७९ साली लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं ‘द बॅटर्ड वुमन’ हे पुस्तक आलं आणि त्यानंतर ‘बॅटर्ड वुमन सिंड्रोम’ हा शब्द कोर्टात पोचला. वर्षानुवर्षं मार खाऊन शेवटी नवऱ्यावर उलटलेल्या बायकांच्या बचावासाठी त्याचा उपयोगही झाला. पण त्याच वेळी चर्चा सरकली. तो का मारतो, हा प्रश्न मागे पडला आणि ती का सोडून जात नाही, तिच्या मनाला काय झालंय, हा प्रश्न पुढे आला. विशेषण एकदा बाईला चिकटलं की बघणाऱ्याची नजरही बाईवरच खिळते. आजार तिचा, तपासणी तिची, उपचार तिच्यावर.

काही विशेषणांनी तर बाईवर उलटाच आळ घेतलेला आहे. ‘फॉलन वुमन’ पाहा. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद. त्याला कर्म नाही, त्यामुळे ढकलणाराही नाही. बाई आपण होऊन पडली! हेच ‘फॉलन’ रणांगणावरच्या शिपायाला लागलं की तो हुतात्मा होतो आणि बाईला लागलं की ती वाया गेलेली ठरते. त्याहून मासलेवाईक ‘अबॅन्डन्ड’. याचा सरळ अर्थ सोडून दिलेली, टाकलेली. पण जुन्या इंग्रजीत ‘अबॅन्डन्ड वुमन’ म्हणजे जिने स्वतःला वाईट मार्गाला सोडून दिलंय अशी, निर्लज्ज बाई. सोडणारा कोण हे विशेषणात लिहिलेलं नसलं की ती रिकामी जागा समाज आपल्या मनाने भरतो, आणि तिथे तो बाईचंच नाव घालतो.

आता पोटगीकडे येते. शिरगणतीच्या तक्त्यात वैवाहिक स्थितीचे पाच रकाने आहेत : कधीच लग्न न झालेले, सध्या विवाहित, विधवा-विधुर, विभक्त, घटस्फोटित. इंग्रजीत पाहिलं तर ‘नेव्हर मॅरिड’, ‘करंटली मॅरिड’, ‘विडोड’, ‘सेपरेटेड’, ‘डिव्होर्स्ड’. पाचही ‘एड’ प्रत्ययाचे. यात टाकलेल्या बाईला रकाना नाही. ती फार तर ‘सेपरेटेड’मध्ये जाते, किंवा लाजेकाजेस्तव ‘विवाहित’मध्येच राहते. या न मोजलेल्या बाईला नाव आणि आवाज मिळावा म्हणून महाराष्ट्रात लढा झाला. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली, आणि अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असं आहे. ‘टाकलेल्या’ म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतो, कोणी टाकल्या? ‘विभक्त’ म्हटल्यावर हा प्रश्न उठत नाही. ‘सेपरेटेड’ म्हणजे दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या झाल्या, इतकंच. दूध फाटावं तसा संसार फाटला, कोणाचा काही दोष नाही.

कायद्यात मात्र दोषाचाच प्रश्न कळीचा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली, पण पोटगीच्या अटी त्याच राहिल्या. पुरेशा कारणाशिवाय बाई नवऱ्याबरोबर राहायला नकार देत असेल, किंवा दोघं परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर तिला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणजे कोण कोणापासून का वेगळं झालं यावरच सगळं ठरतं. आणि नेमकं तेच ‘सेपरेटेड’ या शब्दात नसतं. समजा, एका बाईला नवऱ्याने मारून, दागिने काढून घेऊन माहेरच्या एस.टी.त बसवून दिलं. पहिल्या भेटीच्या नोंदीत आपण लिहिलं, ‘सेपरेटेड सिन्स टू इयर्स’. उद्या तोच कागद कोर्टात आला तर समोरचा वकील म्हणणारच, की केंद्राच्या नोंदीप्रमाणे दोघं समजुतीने वेगळे राहताहेत, हाकलून दिल्याचा उल्लेखच नाही. त्याऐवजी ‘अमुक तारखेला नवऱ्याने आणि दिराने तिला घराबाहेर काढलं’ असं एक साधं वाक्य असतं तर? वाक्यात क्रियापद असतं, क्रियापदाला काळ असतो, कर्ता असतो. विशेषणात यातलं काहीच उरत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची मला म्हणूनच कदर वाटते. तिथेही बाईला ‘अ‍ॅग्रीव्हड पर्सन’ असं ‘एड’चंच विशेषण लावलंय. पण २००६ च्या नियमांतला पहिला नमुना काढून पाहा, घटनेच्या अहवालाचा. त्यात हिंसेची तारीख, ठिकाण आणि वेळ यांसाठी रकाना आहे, आणि त्याच्या शेजारी हिंसा करणाऱ्या व्यक्तीसाठी वेगळा रकाना आहे. विशेषणाने जो कर्ता पुसला तो नमुन्याने परत आणून बसवला. हे आपोआप झालेलं नाही. हा कायदा व्हावा म्हणून देशभरातल्या स्त्री-संघटना आणि वकील मैत्रिणी वर्षानुवर्षं झगडल्या आहेत. तो रकाना कंटाळून मोकळा सोडू नका, एवढंच माझं मागणं.

याच कायद्यातलं आणखी एक विशेषण म्हणजे ‘शेअर्ड हाउसहोल्ड’. ‘शेअर’ या क्रियापदापासून ‘शेअर्ड’, मिळून वापरलेलं घर. घर कोणाच्या नावावर आहे हे विचारू नका, बाई तिथे राहिली आहे ना, एवढं पाहा, हा त्यामागचा विचार. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात त्याचा अर्थ आवळला. नवऱ्याच्या मालकीचं किंवा त्याने भाड्याने घेतलेलं घर, किंवा तो सभासद असलेल्या एकत्र कुटुंबाचं घर, तेवढंच ‘शेअर्ड’. सासूच्या नावावरचं घर त्यातून निसटलं. पुढची १४ वर्षं किती तरी सुनांना ‘घर तुझ्या नवऱ्याचं नाहीच’ या एका वाक्यावर रस्ता दाखवला गेला. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते ‘शेअर्ड हाउसहोल्ड’ असू शकतं असा निर्णय दिला. एका विशेषणाचा अर्थ काय, यावर बाईच्या डोक्यावर छप्पर राहणार की नाही हे ठरत होतं. मग व्याकरण हा पंडितांचा विषय, असं कसं म्हणायचं?

पोलीस चौकीतही विशेषणच भेटतं. ‘एन.सी.’ म्हणजे ‘नॉन-कॉग्निझेबल’, अदखलपात्र. इंग्रजीतला ‘एबल’ आणि मराठीतला ‘पात्र’ किंवा ‘योग्य’ हे सख्खे भाऊ : दखलपात्र, जामीनपात्र, विवाहयोग्य. ‘एबल’ लावलं की एखादी गोष्ट करता येण्याजोगी आहे एवढं कळतं. कोणी करायची, हे गुलदस्त्यात राहतं. नुसती मारहाण अदखलपात्र. तीच मारहाण नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा भाग म्हणून बाईने किंवा तिच्या नातलगांनी नोंदवली, तर दखलपात्र. पूर्वी हे १९८३ साली आलेल्या ४९८-अ कलमाखाली होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. चौकीत ‘डोमेस्टिक’, घरगुती भांडण, असं विशेषण आधी लागलं की पुढचं ‘नॉन-कॉग्निझेबल’ ओघानेच येतं. गुन्ह्याला कोणतं विशेषण लागणार हे ठरवायला पोलीस बसलेले असतात. आपण बाईबरोबर जातो ते ते विशेषण तपासायला.

अनुदानाच्या अर्जांतला लाडका शब्द ‘वल्नरेबल’. लॅटिनमधल्या जखमेच्या शब्दापासून हा झाला. जखम करता येण्याजोगी, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे जखम होण्याचा गुण बाईच्या अंगी आहे! सुरी कोणाच्या हातात आहे याचा पत्ता नाही. ‘लेस’ प्रत्ययाचीही तीच गत. ‘चाइल्डलेस’, ‘होमलेस’, ‘लँडलेस’. काय नाही ते सांगितलं. होतं की नव्हतं, असेल तर कोणी काढून घेतलं, ते सांगितलं नाही. ‘लँडलेस’ आणि ‘डिसपझेस्ड’ यांत केवढं अंतर आहे! दुसऱ्यात कोणीतरी जमीन हिसकावल्याची खूण तरी आहे.

नामापासून विशेषण करताना बाई आणि पुरुष यांना वेगळा न्याय कसा मिळतो हे पाहायला ‘मॅन’ आणि ‘वुमन’ हीच दोन नामं घ्या. ‘मॅनली’ ही पुरुषाची स्तुती. ‘मॅनिश’ हे बाईला मारलेलं बोट. ‘वुमनिश’ हा पुरुषाचा अपमान, आपल्याकडच्या ‘बायकी’सारखा. ‘वुमनली’ ही बाईची स्तुती खरी, पण ती तिने आपल्या रेघेच्या आत राहावं म्हणून केलेली. ‘बॉस’ या नामापासून ‘बॉसी’ होतं आणि ते बहुतेक वेळा बाईलाच लागतं. ‘हिस्टेरिकल’ हा शब्द तर ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दापासून आलेला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये हिस्टेरिया हे निदान आपल्या यादीतून काढलं, पण मोठ्या आवाजात हक्क मागणाऱ्या बाईला ते विशेषण आजही ऐकावं लागतं.

पैशाशी थेट संबंध असलेलं विशेषण म्हणजे ‘ऑनररी’. ‘ऑनर’, म्हणजे मान, यापासून ‘ऑनररी’, मानसेवी. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना हे विशेषण चिकटलं. मानसेवी म्हणून वेतन नाही, मानधन. मान कागदावर आणि धन बेताचं! २०२२ साली गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९७२ च्या कायद्याखाली या बायकांना ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे, आणि त्यांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. आयुष्यभराच्या कामावर एका विशेषणाने घातलेलं झाकण थोडं तरी उचललं गेलं.

आता आपल्याच चळवळीच्या आवडत्या विशेषणाकडे वळते. ‘एम्पॉवर्ड वुमन’. शब्द गोड आहे. पण हाही ‘एड’च्या घरातला. ‘एम्पॉवर’ करणारा कोणीतरी आहे आणि बाईवर ती क्रिया झालेली आहे. ‘पॉवर’ या नामाला ‘फुल’ लावलं तर ‘पॉवरफुल’ होतं. शक्ती तिची, तिच्यात भरलेली. अहवालात आपण ‘५०० वुमन एम्पॉवर्ड’ असं लिहितो तेव्हा न लिहिलेला कर्ता आपण असतो, आपला प्रकल्प असतो. इथे कर्ता लपल्याचा फायदा आपल्याला मिळतो, हे ओळखायला हवं. दारूचं दुकान बंद करायला जमलेल्या गावातल्या बायका कोणी ‘एम्पॉवर’ केलेल्या नव्हत्या. त्या पॉवरफुल होत्या, म्हणून दुकान बंद झालं.

यावर एक मैत्रीण मला म्हणाली, “म्हणजे ‘एड’ वाईटच का?” मुळीच नाही. ‘दलित’ हा शब्द पाहा. ‘दल्’ या धातूचा अर्थ फोडणे, भरडणे. त्यापासून दलित, भरडलेला. रचना अगदी ‘एड’सारखीच, भूतकाळवाचक कृदन्त. इंग्रज सरकार ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत होतं, १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल’ या नामापासून ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ केलं. दोन्ही शब्द वरून दिलेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ‘दलित’ हा शब्द बोट दाखवणारा झाला. आम्ही भरडलेले आहोत, म्हणजे तुम्ही भरडणारे आहात! अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी लिहिणारे अनेक इतिहासकार अलीकडे ‘स्लेव्ह’ हे नाम टाळून ‘एनस्लेव्हड’ हे विशेषण वापरतात, तेही याच कारणाने. माणूस जन्मतः गुलाम नसतो, त्याला कोणीतरी गुलाम केलेलं असतं. म्हणजे प्रत्यय तोच; प्रश्न विचारणारे लोक पाठीशी उभे आहेत की नाहीत, यावर तो कर्त्याला लपवतो की उघडा पाडतो ते ठरतं. ‘टाकलेली’ हा शब्द एकट्या बाईच्या तोंडी असतो तेव्हा त्यात लाज असते. हजार बायका मोर्चात तोच शब्द म्हणतात तेव्हा लाज टाकणाऱ्याकडे जाते.

‘एकल महिला’ हा शब्द आता रुळला आहे आणि त्याचं मी स्वागत करते. त्यात कमीपणा नाही, कोणी नसल्याचं रडगाणं नाही. बाईला स्वतःबद्दल बोलताना तो जरूर असावा. पण तिच्या दाव्याच्या कागदावर नुसतं ‘एकल’ लिहून भागणार नाही, कारण एकल ती कशी झाली यावर तिचा हक्क अवलंबून आहे. बाईची ओळख सांगणारा शब्द तिने निवडावा. तिच्यावरच्या अन्यायाची नोंद मात्र पूर्ण वाक्यातच व्हावी.

काही जणी म्हणतील, एवढा वेळ कोणाला आहे? दिवसाला पाच-सहा बायका येतात, तक्ते भरायचे असतात, विशेषणाने काम झटपट होतं. खरं आहे. म्हणून मी तीनच सवयी सुचवते. पहिली, इंग्रजीत ‘एड’चं विशेषण लिहिलं की त्याच्यापुढे मनातल्या मनात ‘बाय हूम?’ विचारायचं आणि उत्तर माहीत असेल तर तीन शब्द वाढवून ते लिहायचं. दुसरी, प्रत्येक केसच्या नोंदीचं पहिलं वाक्य मराठीत, बाईच्या शब्दांत, कर्ता आणि तारीख घालून लिहायचं. भाषांतर त्या वाक्याचं करायचं, आपल्या मनातल्या विशेषणाचं नाही. तिसरी, वर्षाच्या तक्त्यात बाईच्या स्थितीच्या रकान्याशेजारी ‘हे कोणी केलं’ असा एक रकाना वाढवायचा. अनुदान देणारी संस्था तो मागणार नाही. आपण तो आपल्यासाठी भरायचा.

आमच्या वर्गातल्या मुलींनी आता वहीत तिसरा रकाना आखला आहे. डावीकडे क्रियापद, मध्ये विशेषण, आणि उजवीकडे कर्ता. परवा एकीने ‘अनपेड वर्क’पुढे तिसऱ्या रकान्यात काय लिहावं म्हणून विचारलं. “पैसे न देणारे कोण, घरचे की सरकार?” वर्गात त्यावर तासभर वाद झाला आणि इंग्रजीचा पुढचा धडा तसाच राहिला. मला त्याची खंत नाही. तुमच्या-आमच्या संघटनांच्या बैठकांतही हा वाद व्हायला हवा.